दादा, मी, चिंगी आणि मग माई

आमच्या गॅरेजात इंजिनाच्या सिलिंडरना नंबर नाहीत, नावं आहेत. रेडिएटरच्या बाजूने मोजायला लागलं की पहिला दादा, दुसरी माई, तिसरा मी आणि अगदी आत, ड्रायव्हरच्या पायांपाशी, चिंगी. आम्ही चार सख्खी भावंडं. आमच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, पौड रस्त्याला कासार आंबोलीच्या अलीकडे पत्र्याची शेड ठोकून गॅरेज टाकलं, तेव्हापासूनचं हे बारसं. आजही आमच्याकडे कुणी बॉनेटखालून "बाळूकाका गेले!" असं ओरडलं की नवं गिऱ्हाईक दचकून खुर्चीतून उठतं. जुन्याला कळतं, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग गेलाय. मी चहा पीत असतो.

सिलिंडर म्हटलं की ज्यांना स्वयंपाकघरातली लाल टाकी आठवते त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीच्या इंजिनात नळकांडी असतात, साध्या गाडीत बहुधा चार. प्रत्येकात हवा आणि पेट्रोल शिरतं, दाबलं जातं, प्लग ठिणगी टाकतो, भडका उडतो आणि आतला दट्ट्या खाली ढकलला जातो. चौघांनी आळीपाळीने असं ढकललं की चाक फिरतं. एकाने अंग काढून घेतलं की बाकीच्या तिघांवर भार येतो, गाडी थरथरते, चढाला दम टाकते. आमच्या भाषेत गाडी 'मिसिंग' करते. मग आमचं काम एवढंच, की चौघांतला कामचुकार शोधायचा. पण तो शोधायला आधी कोण कुठे उभा आहे हे माहीत पाहिजे, आणि अर्धे मेकॅनिक आयुष्यभर इथेच गोंधळतात.

आण्णांची पद्धत सोपी होती. चालू इंजिनाच्या प्लगवरची एकेक वायर उपसायची. उपसल्यावर इंजिनाचा आवाज पडला, तर तो गडी काम करत होता. आवाज तसाच राहिला, तर हाच तो. हे गिऱ्हाइकाला समजावताना आण्णा माझ्याकडे बोट करायचे. "आता ह्यो आमचा बाळू. ह्याला घरातनं काढला तर आवाजात काय बी फरक पडायचा न्हाई." गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचो, कारण माझ्या हातात पाना नसून भजी असायची.

दुसरी एक पद्धत आहे, ती माईची. माई माझी थोरली बहीण. आई पहाटेच भाताच्या खाचरात जायची, त्यामुळे चूल लहानपणापासून माईच्या ताब्यात. एकदा ती भाकरी घेऊन गॅरेजात आली, तर आण्णा एका जीपवर वैतागलेले. वायरींची टोकं इतकी भाजलेली की हात लावला की तुकडा पडेल. माईने विचारलं, "आण्णा, ह्यातलं कोण पेटत न्हाई ते बघायचंय का?" आणि तांब्यातलं पाणी बोटांनी शिंपडलं, इंजिनातून धूर जिथून बाहेर पडतो त्या चार लोखंडी नळ्यांवर. तवा तापलाय का बघताना शिंपडतात तसं. तीन नळ्यांवर पाणी चुर्रर्र करून उडालं. चौथीवर नुसतं बसून राहिलं, माझ्यासारखं. आण्णांनी तिच्याकडे असं बघितलं, की त्यांनी माझ्याकडेही एकदा तसं बघावं असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. ही युक्ती जगात आधी कुणाला सुचली असेल तर असो, आमच्या शेडमध्ये ती माईच्या नावावर आहे.

माईची शाळा मात्र चौथीत संपली. पुढची शाळा पौडला, आणि जायला गाडी नाही. म्हणजे दारात गाड्या रोज उभ्या असायच्या, पण एक तर बिघडलेल्या, नाही तर दुसऱ्याच्या. चिंगी मोठी होईपर्यंत आण्णा सुधारले. दुरुस्त केलेल्या गाडीची 'ट्रायल' घ्यायच्या निमित्ताने ते चिंगीला बरोबर शाळेच्या वेळेला पौडला सोडून यायचे. गावातल्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या गाड्या सकाळीच का दुरुस्त होतात, हे कोडं कुणालाच सुटलं नाही.

आता यातली खरी गंमत. हे चार सिलिंडर उभे राहतात एक, दोन, तीन, चार असे ओळीने, पण पेटतात त्या क्रमाने नाही. एका टोकाकडून ओळीने पेटत गेले तर इंजिन हेलपाटत चालेल. म्हणून ठिणगी पहिल्याला, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला आणि शेवटी दुसऱ्याला. एक, तीन, चार, दोन. शिकाऊ पोरांना हे पाठ करायला महिना लागतो. आम्हाला कधी पाठ करावं लागलं नाही, कारण आमच्या घरात भाकरी याच क्रमाने मिळायची. आधी दादाला, कारण त्याला डेअरीवर दूध घालायला जायचं असे. मग मला, कारण मी रडून आळी गोळा करायचो. मग चिंगीला, कारण मी खाताना दिसलो की तिला भूक लागायची. आणि सगळ्यात शेवटी माईला, कारण ती तव्यापुढे असायची. आण्णा चुलीपाशी बसून म्हणायचे, "बघा, दादा, बाळू, चिंगी, मग माई. इंजिन चाललंया बगा घराचं."

आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. दादा पुण्यात स्थायिक झाला. गाड्याही बदलल्या. पूर्वी इंजिन गाडीत लांबीच्या बाजूने उभं असायचं, तोंड पुढे, वारा खात. आता ते आडवं घालतात. त्यामुळे पहिला नंबर पुढे नसतो, बाजूला असतो, आणि तीही बाजू प्रत्येक कंपनीची वेगळी. मी सगळ्यांना एकच खूण सांगतो. इंजिनाच्या ज्या अंगाला पट्टे आणि पुल्या फिरतात, तिकडून मोजा. ड्रायव्हरच्या बाजूने नको, आपण उभे आहोत तिकडून तर नकोच. आपण गाडीच्या दुसऱ्या अंगाला गेलो म्हणून थोरला भाऊ धाकटा होत नाही.

लवळ्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांनी गाडीला जोडायचं एक यंत्र स्वतःच आणलं, त्यावर आलं की तीन नंबर मिसिंग करतोय. त्यांनी मला येऊन पहिलाच प्रश्न विचारला, "काका, तीन, पण कुठून तीन?" मी इतका खूश झालो, की त्यांना आण्णा, चूल, भाकरी सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही बिघडलाय." आता त्या वर्षातून दोनदा सर्व्हिसिंगला येतात आणि गाडीतून उतरतानाच विचारतात, "काय काका, तब्येत?"

एका बंगलेवाल्या साहेबांकडे सहा सिलिंडरची गाडी आहे. त्यात तीन-तीनच्या दोन ओळी, एकमेकींकडे पाठ करून कललेल्या. एक ओळ सख्ख्यांची, दुसरी चुलत्यांची. कुठली कंपनी एक ओळ संपवून दुसरी मोजते, कुठली एक इकडचा, एक तिकडचा असं पंगतीत वाढल्यासारखं मोजते. त्यात मागची ओळ इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला अशी चिकटलेली, की तिथला प्लग काढायला मी हात घातला तो निघेना. प्लग नव्हे, हात. साहेबांच्या स्वयंपाकिणीने खोबरेल आणून सोडवला. तेव्हापासून त्या गाडीला मी लांबून नमस्कार करतो.

आता तर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर ठिणगीची स्वतंत्र कॉइल बसवतात, उपसायला वायरी राहिल्या नाहीत. यंत्र नंबर सांगतं, नवी पोरं "सिलिंडर थ्री" म्हणतात आणि बदलून टाकतात. काम झटपट होतं, तक्रार नाही. फक्त कधी कधी वाटतं, आम्हा चौघा भावंडांना कुणी बॉनेटखालून हाका मारून एकत्र उभं करणं आता संपत चाललंय. म्हणून मागच्या पावसाळ्यानंतरची एक सकाळ सांगतो.

चिंगीला दिलं मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीत, डोंगराच्या कुशीत. दत्ता दाजी, तिचे यजमान, भातशेती करतात. माणूस इतका भिडस्त, की म्हशीला बाजूला हो म्हणायलाही "जरा सरकता का" म्हणेल. आणि चिंगी जीप चालवते. जुनी, पेट्रोलची, आण्णांच्या काळातली वाटावी अशी. वाडीतल्या सात पोरींना ती रोज सकाळी खालच्या हायस्कुलात नेते आणि संध्याकाळी घेऊन येते. ती नव्हती तेव्हा वाडीतल्या पोरी सातवीनंतर घरी बसायच्या, कारण वाट रानातून, आणि एसटी वाडीच्या खालूनच वळते.

वाडीत कोंडिबा आज्जांचा शब्द चालतो. पोरींना पाठवायला ते एका अटीवर तयार झाले होते. गाडी न्यायला आली पाहिजे आणि गाडीच आणायला गेली पाहिजे. पोरी रानातनं चालत आल्या, की शाळा बंद. त्या आठवड्यात जीप मिसिंग करायला लागली, शनिवारी चढावर बसली आणि पोरी अंधार पडता पडता चालत घरी पोचल्या. आज्जांनी चिंगीला सांगितलं, "सोमवारी गाडी वेळंवर निगाली तर निगाली. न्हाई तर पोरी घरी. पुन्यांदा इचारू नगस."

चिंगीने मला फोन केला. वर्णनावरून मला वाटलं, डिस्ट्रिब्युटरची टोपी तडकली असणार. हे प्रकरण जरा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जुन्या इंजिनाला एक गोल डबी असते. तिच्या टोपीवर कडेने चार खुंट, प्रत्येक खुंटातून एक वायर एका प्लगला. आत एक फिरकी फिरते. ती ज्या खुंटासमोर येईल त्या सिलिंडरला ठिणगी. वायरी खुंटांवर बरोबर क्रमाने लावल्या तर इंजिन, नाही तर नुसतं भंगार.

रविवारी दाजी मोटारसायकलवर येऊन नवी टोपी घेऊन गेले. मी बजावलं, "एकेक वायर काढा, एकेक लावा." दाजी म्हणाले, "व्हय व्हय." चिंगी त्या दिवशी नणंदेकडे गेली होती. ती यायच्या आत सगळं करून तिला खूश करायचं, असा दाजींचा बेत. त्यांनी चारी वायरी एकदम काढल्या, स्वच्छ धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि मग लावल्या.

सोमवारी सकाळी मी शेड उघडत होतो. माई चहाचा थर्मास घेऊन आलेली. आता ती आमच्याकडेच असते. फोन वाजला. चिंगी नमस्कार-चमत्कार करत नाही.

"बाळ्या, टोपीत दादा कुटं बसतो?"

"का गं?"

"ह्यांनी वायरी हालवल्यात. गाडी नुसती फटाफटा वाजतीया, पेटत न्हाई. सेल्फ मारून मारून ब्याटरी बी बसली. पोरी दप्तरं घिऊन हुब्यात, आन् आज्जा दगडावर येऊन बसलाय."

"दाजींना दे."

दाजींचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. "बाळूभाऊ, मी बरोबर लावल्या. दादा, माई, तुमी, मग ही."

"अहो दाजी, माई शेवटी!"

"शेवटी?" दाजी थबकले. "माई तुमच्यापरीस मोठ्या. त्यांना तुमच्या मागं कशा बसवायच्या? मला बरं न्हाई वाटलं."

जगात वायरी चुकीच्या लावणारे पुष्कळ असतील. मोठ्या मेहुणीचा मान राखायला इंजिन बंद पाडणारा एकच.

मी निघालो असतो तर पोचेपर्यंत शाळेची प्रार्थना होऊन दुसरा तास सुरू झाला असता. चिंगीला क्रम पाठ होता, पण सुरुवात कुठून हे नव्या टोपीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. आधी दादाचा खुंट शोधायला हवा होता. त्याचीही जुनी रीत आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्या भोकावर अंगठा धरायचा आणि इंजिन हळू फिरवायचं. आतली हवा दाबली जाऊन अंगठा उडाला की समजायचं, आता ठिणगीची वेळ. त्या क्षणी टोपी उचलून बघायचं, फिरकीचं तोंड जिकडे, तो दादाचा खुंट.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि आवाजात आण्णा आणले. "चिंगे, नीट ऐक. चाबी बंद ठेव. चारी प्लग काढ, इंजिन हलकं फिरेल."

"काढले."

"कधी?"

"तू चिंगे म्हनलास तवा."

"बरं. पट्ट्याकडच्या पहिल्या भोकावर अंगठा ठेव. दाजींना आत बसव, टॉपचा गिअर—"

"टाकलाय त्यांनी. फोन प्रतीक्षाकडं देतीया, माझे हात गुतलेत."

प्रतीक्षा ही कोंडिबा आज्जांची नात. तिने फोन घेतला आणि क्रिकेटच्या सामन्यासारखं सुरू केलं. "मामा, काकींचा अंगठा भोकावर हाय! आमी मागनं ढकलतोय! गाडी हालंना!"

बॅटरी बसल्यावर इंजिन फिरवायचं तर गाडी ढकलूनच. टॉप गिअरमध्ये गाडी दोन हात सरकली तरी काम होतं, पण ते दोन हात सरकवायला जोर लागतो. जीप उभी होती ती देवळापुढची जागा सपाट, पोरी नुकत्याच आठवी-नववीत गेलेल्या. फोनमधून घसरणाऱ्या चपला ऐकू येत होत्या.

मग एक म्हातारा आवाज. "जोर लावा की गं! सकाळी खाल्लं न्हाई का काय? अगं तिरकं नगं, सरळ ढकला!"

"आज्जा," प्रतीक्षा ओरडली, "दगडावरनं काय सांगताय, हात लावा की!"

माईने थर्मासचं झाकण उघडता उघडता थांबवलेलं.

"मामा," प्रतीक्षा कुजबुजली, "आज्जा उठला."

आणि मग चाकांखालचे खडे करकरले. "सरकली! सरकली! काकी, सरकली!"

"हळू!" चिंगीचा आवाज. "हळू… आनखी… आनखी…" आणि पुस्स. मला तो आवाज फोनमधून ऐकू आला नसेल, पण मी शपथेवर सांगेन की आला. "थांबा! उडाला अंगठा! बाळ्या, फिरकीचं तोंड ब्याटरीकडं हाय. फिरती घड्याळागत."

"मग ब्याटरीकडचा—"

"दादा. लावली. आता घड्याळागत तू, मग मी…"

मागून दाजींचा आवाज, अजूनही आशा न सोडलेला. "आन् माई शेवटीच?"

माझ्या खांद्यावरून माई फोनवर वाकली. "शेवटीच लावा दत्तोबा!"

प्लग घट्ट झाले. दाजी उतरले, चिंगी स्टिअरिंगवर बसली. देवळाखाली उतार आहे, तिथून गाडी सोडायची ठरली. प्रतीक्षा फोन घेऊन धावत होती, त्यामुळे मला वारा, खडे, पोरींचा आरडाओरडा आणि आज्जांचा "सोड आता, सोड!" असं सगळं एकदम ऐकू आलं. एक खोकला. मग काहीच नाही. मग आणखी एक खोकला, आणि त्याच्यामागे तो आवाज. एकसारखा, भरलेला. मी सवयीने कान लावला. दादा होता, मी होतो, चिंगी होती. दुसरीचा ठोका तर सगळ्यांत दणदणीत. मी आयुष्यभर इंजिनं ऐकली, पण डोंगरापलीकडून, फोनमधून, धावणाऱ्या पोरीच्या हातातून ऐकलेलं हे एकच. आणि ते माझ्या धाकट्या बहिणीने लावलेलं. मी फक्त फोन धरला होता, तोही एका हाताने.

"आता हुबं काय ऱ्हायलायसा?" कोंडिबा आज्जा दम खात खात ओरडत होते. "बसा की गाडीत! शाळंची घंटा व्हईल!"

प्रतीक्षाने फोन दाजींकडे फेकला असावा. गाडीचा आवाज लांब लांब जात होता. दाजींनी घसा साफ केला. "माई हायेत का?"

मी फोन माईला दिला.

"माई, माफ करा. तुमाला शेवटी बसवावं लागलं."

"ते राहू द्या. पोरी सगळ्या बसल्या का गाडीत?"

"बसल्या. सातीच्या साती."

"आज्जा काय म्हनले?"

"काय न्हाई. संध्याकाळी किती वाजता येतील इचारत व्हते."

माईने फोन माझ्या हातात परत दिला. मग थर्मास उघडला. आमच्या शेडमध्ये चहा आधी गिऱ्हाइकाला, मग मला, मग पोरांना, आणि उरला तर माईला, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. त्या सकाळी तिने एक कप भरला, आडव्या टाकलेल्या टायरवर नीट बसली आणि वाफ निघत असताना पहिला घोट घेतला.

मी रिकामा कप पुढे केला.

"थांब की," माई म्हणाली. "येईल तुझी पाळी."

मी थांबलो.